ज्यांचं बोलणं फक्त डबीला कळायचं

धाकटीला ऑफिसात सगळे 'घरफोडी' म्हणायचे आणि ते तिला आवडायचं. पगार घेऊन चोऱ्या करायच्या, त्याही आपल्याच मालकाच्या घरी, असं काम किती जणांच्या वाट्याला येतं? तिची कंपनी बोलण्यावर चालणाऱ्या डब्या विकायची. हाताच्या पंजात मावेल एवढी डबी टेबलावर ठेवून द्यायची. तिला सांगितलं की ती दिवा लावते, पंखा बंद करते, फोन जोडून देते, आणि घराला तसलं कुलूप बसवलेलं असेल तर दारही उघडते. ह्या सगळ्या डब्यांच्या मागे, कंपनीच्या मोठाल्या यंत्रांवर, एक न्यूरल नेटवर्क बसलेलं होतं. लाखो माणसांचं बोलणं ऐकून ऐकून ते शिकलं होतं, आणि त्याला फसवणं हे धाकटीचं काम होतं.

फसवायचं म्हणजे असा आवाज तयार करायचा की माणसाला त्यातून ओ की ठो कळू नये, पण नेटवर्कला मात्र त्यातून 'दार उघड' असं स्वच्छ ऐकू यावं. कधी तो आवाज नळात हवा अडकल्यासारखा असायचा, कधी कुणी चूळ भरता भरता बोलावं तसा. माणूस म्हणणार, काहीतरी खरखरतंय. नेटवर्क म्हणणार, आलो, उघडतो. असा आवाज सापडला की तो पुन्हा नेटवर्कपुढे ठेवायचा आणि बजावायचं, हे बोलणं नव्हे, हे काहीच नव्हे, इकडे लक्षच द्यायचं नाही. मग ते जरा शहाणं झालं की त्याला नव्याने फसवायला घ्यायचं. अनोळखी माणसाने दिलेलं चॉकलेट घ्यायचं नाही, हे पोराला शिकवण्यासाठी आईनेच रोज वेश बदलून चॉकलेट घेऊन जावं, तसला हा उद्योग होता.

धाकटी हे काम मन लावून करायची आणि तिला त्याचा थोडा ताठाही होता. घरी आली की मात्र तो ताठा चपलांबरोबर दाराशी काढून ठेवावा लागायचा, कारण घरी बाबा होते.

बाबांनी उभा जन्म लिलाव पुकारण्यात घालवला. जुनं फर्निचर, बंद पडलेल्या दुकानातला माल, कुणाचा पियानो, कुणाचं आरशाचं कपाट. आवाज असा की मागच्या रांगेत डुलक्या घेणाऱ्याने दचकून बोली लावावी. घरीही गप्प बसणं ठाऊक नाही. बशीत उरलेलं शेवटचं बिस्किटसुद्धा ते एक वार, दोन वार करून विकायचे. लिलावघरातला एक कायदा त्यांनी घरातही लावून ठेवला होता. मान हलली की माल तुमचा. माशी हाकलायला हलवली, मानेला रग लागली होती, असली सबब चालायची नाही. लहानपणी धाकटीने बोलणं नीट न ऐकता पोहण्याच्या क्लासला मान हलवली आणि वर्षभर नाकातोंडात पाणी घेत बसली. आईने रदबदली करून पाहिली, पण बाबा बधले नाहीत.

मग त्यांच्या मेंदूतली एक रक्तवाहिनी फुटली. जीव वाचला, उजवा हात गेला, लिहिणंवाचणं गेलं, आणि बोलण्यातला नाद तेवढा राहून शब्द गेले. त्यांना सगळं कळायचं. काय बोलायचं तेही मनात तयार असायचं. फक्त तोंडातून बाहेर येईपर्यंत त्याचा लगदा व्हायचा. बोलणं शिकवायला येणाऱ्या बाईंनी कितीतरी महिने जिभेचे व्यायाम करून घेतले आणि शेवटी हात टेकले. यायचं ते आलं, आता एवढ्यावरच भागवायला हवं, असं त्या आईला दाराशी हळू आवाजात सांगून गेल्या. ते बाबांना ऐकू गेलं. कानांना काही झालेलं नव्हतं.

त्यानंतर घरात अंदाजाचा खेळ सुरू झाला. बाबा काहीतरी घशातून काढायचे आणि आई एकेक वस्तू पुढे करायची. पाणी हवंय? उशी? खिडकी लावू? रेडिओ? बाबा नाही नाही म्हणून मान आडवी हलवायचे आणि मग कधीतरी उभी हलवायचे. आई जिंकल्यासारखी उठायची. त्या खेळात ती तरबेज झाली आहे, असं आलेल्यागेलेल्याला कौतुकाने सांगितलं जायचं. धाकटीही सांगायची.

डबी घरात आली ती केवळ कर्मचाऱ्यांना फुकट मिळत होती म्हणून. आईने तिला पहिल्या दिवशी 'डबडं' म्हटलं आणि फुलदाणीच्या मागे ढकललं. एका संध्याकाळी आई नेहमीसारखा कोमट दुधाचा पेला घेऊन आली, बाबांनी नेहमीसारखं काहीतरी गुरगुरून तोंड उघडलं, आणि फुलदाणीमागे हिरवा दिवा लागला. डबीची एक सवय होती. काम करण्याआधी ऐकलेलं वाक्य ती आपल्या गोड, धुतलेल्या आवाजात परत म्हणून दाखवायची. ती म्हणाली, "तुम्ही म्हणालात, मला दूध नको. मला दूध कधीच नको होतं. यात मी काय मदत करू?"

आईच्या हातातला पेला हिंदकळला. बाबाही डबीकडे बघत राहिले. मग त्यांनी पुन्हा काहीतरी म्हटलं, घाईघाईने, शब्दावर शब्द पडत होते, आणि डबी एकेक वाक्य उचलून ठेवत गेली. पहिल्या आठवड्यात एकदा थकून मान हलवली होती. मान हलली की माल तुमचा. तेव्हापासून पितोय. आई हसायला लागली आणि हसता हसता पदर तोंडाला लावून स्वयंपाकघरात गेली. वर्षभर ती त्यांना दूध पाजत होती, आणि वर्षभर ती जिंकत नव्हती, तर बाबा हरत होते.

त्या दिवसापासून बाबा पुन्हा घरात बोलायला लागले. म्हणजे बाबा गुरगुरायचे आणि डबी बोलायची, पण ते बोलणं बाबांचंच होतं. शेजाऱ्याच्या नव्या सोफ्याची किंमत ते खिडकीतून बघून सांगायचे आणि ती सोफ्याच्या लायकीपेक्षा कशी जास्त आहे तेही सांगायचे. आईने केस कापले तेव्हा डबीने सगळ्यांसमोर जाहीर केलं, "तुम्ही म्हणालात, कापणाऱ्याचा हात थरथरत होता का?" धाकटी ऑफिसातून आली की जोडे काढायच्या आत तिला दिवसभराचा वृत्तांत मिळायचा. हळूहळू डबीकडे कुणाचं लक्षही जाईनासं झालं. बाबा बोलतात, आपल्याला कळतं, एवढंच कानांना वाटायचं.

माणसांना न कळणारं बोलणं नेटवर्कला का कळत होतं, हे धाकटीला पक्कं ठाऊक होतं. कारण ते भोळं होतं. अर्धामुर्धा आवाज कानावर पडला तरी ते उरलेलं आपल्या मनाने भरून घ्यायचं आणि शब्द उभा करायचं. त्याच भोळेपणावर ती रोज चोऱ्या करत होती. ह्या दोन गोष्टींची कधीतरी गाठ पडणार, हे तिला कळायला हवं होतं. कदाचित कळतही असेल. पण घरातलं सुख माणूस कशाला उकरत बसेल?

मग खरी चोरी झाली. कुणीतरी एका घराच्या खिडकीपाशी मोबाइल धरला, त्यातून खरखर वाजवली, आणि डबीने दार उघडून दिलं. घरात एक म्हातारी एकटी होती. चोरांनी तिला ढकललं आणि तिची कंबर मोडली. त्या डबीत राहिलेला आवाज धाकटीला तपासायला दिला गेला. खरखर, मग कुलपाचा खटका, मग म्हातारीचं "कोण आहे?" त्यापुढचं ऐकायला लागू नये म्हणून तिने कानावरचे हेडफोन काढून ठेवले, आणि मग काम होतं म्हणून पुन्हा घातले.

तिच्या प्रमुख बाईंनी सगळ्यांना बोलावलं. बाई वयाने आईएवढ्या, आवाज कधी चढवायच्या नाहीत. त्यांनी शांतपणे सांगितलं की नेटवर्कला नव्याने तालीम द्यायची, असली खरखर त्याच्या कानात शिरताच कामा नये, आणि नवं नेटवर्क तयार झालं की जुनं सगळ्या घरांतून एकदमच बंद करायचं. तालमीची जबाबदारी घरफोडीची.

तेव्हा धाकटीला घरची डबी आठवली, आणि बाबा. पण ती हातपाय गाळून बसणारी नव्हती. तिने विचार केला की नेटवर्क शिकतं ते त्याच्यापुढे ठेवलेल्या आवाजांवरून. एका ढिगात चोरांचे आवाज, त्यांच्यावर शिक्का 'हे काहीच नव्हे'. दुसऱ्या ढिगात खऱ्या माणसांचं बोलणं, त्यावर त्या त्या वाक्याचा शिक्का. मग दुसऱ्या ढिगात बाबा गेले की झालं. चोरांना विसर, बाबांना विसरू नकोस, असं नेटवर्क आपोआप शिकेल. बाबांची परवानगी तिने रीतसर घेतली. डबी म्हणाली, "तुम्ही म्हणालात, फुकट देणार की काही बोली लावताय?" तिने घरातले सगळे आवाज डबीतून उतरवून घेतले आणि स्वतःच्या हाताने खऱ्या माणसांच्या वाटेला लावले. त्या दिवशी ती घरी येताना गुणगुणत होती.

त्या वाटेवर एक नाका होता, आणि तो तिनेच बसवला होता. खऱ्या माणसांच्या ढिगात कुणी चोरटा आवाज मिसळू नये म्हणून तिथे येणारं सगळं आधी कानांच्या खोलीत जायचं. तिथे बसलेल्या मुलामुलींनी ते काहीही माहिती नसताना ऐकायचं आणि कळलं किंवा नाही कळलं, एवढंच सांगायचं. ज्यात माणसाला काही कळत नाही आणि नेटवर्कला मात्र वाक्य ऐकू येतं, तो आवाज चोराचा. तो आपोआप पहिल्या ढिगात. शिवाय अशा प्रत्येक आवाजाची हजारो पिल्लं काढायची, थोडी ताणलेली, थोडी दाबलेली, म्हणजे नेटवर्क चोराला कुठल्याही वेशात ओळखेल. नियम चोख होता आणि त्यासाठी तिला टाळ्याही मिळाल्या होत्या.

हा नाका तिला आठवला नाही असं नव्हे. तो बाबांना अडवेल, हेच तिच्या डोक्यात आलं नाही. तिला खरोखर वाटत होतं की बाबांचं बोलणं कळतं. रोज तर ती ते ऐकत होती.

तालीम सुरू होऊन बरेच दिवस झाले होते. नवं नेटवर्क चोरांना दाद देईनासं झालं होतं आणि धाकटीला चोरी करायला घाम गाळावा लागत होता. एका दुपारी ती कसल्याशा कामाला कानांच्या खोलीत गेली. तिथली एक मुलगी, जिला सगळे 'कानवाली' म्हणायचे, तिला बघून खुलली. तुझ्यासाठी एक खास माल ठेवलाय, म्हणाली. सगळ्यात बेरकी चोर. आम्ही सगळ्यांनी ऐकला, कुणाला एक अक्षर कळत नाही, आणि जुनं नेटवर्क मात्र सरळ गप्पा मारत बसलंय त्याच्याशी. कोणी बनवलाय देव जाणे, पण बनवणाऱ्याला मानलं. तिने हेडफोनची वायर उपसली आणि आवाज खोलीत सोडला.

बाबा बोलत होते.

धाकटी उभी राहून ऐकत होती. गोड आवाजातली डबी मधे नव्हती. नुसते बाबा होते, वर खाली जाणारा ओला आवाज, मधेच घशात अडकणारा, पुन्हा सुटणारा. तिने जिवाचा कान केला. हे कधीचं आहे? केस कापल्याचं की सोफ्याचं? तिला एक शब्द कळला नाही. खोलीतली मुलं तिच्या तोंडाकडे बघत होती आणि घरफोडी आता काय म्हणते याची वाट बघत होती.

"हे माझे बाबा आहेत," ती म्हणाली.

कानवालीने आवाज बंद केला. मग कितीतरी वेळ ती सॉरी म्हणत राहिली आणि धाकटी तिला, तुझं काही चुकलेलं नाही, असं सांगत राहिली. ते खरंच होतं. तिने नियमाप्रमाणे केलं होतं. आवाज चोराच्या ढिगात गेला होता, त्याची हजारो पिल्लं निघाली होती आणि इतके दिवस नेटवर्क घोकून घोकून शिकत होतं की हा माणूस बोलतो ते काहीच नव्हे, इकडे लक्षच द्यायचं नाही. एवढ्या नेमाने कुणी कुणाला विसरायला शिकवलं नसेल.

प्रमुख बाईंनी सगळं ऐकून घेतलं. त्या वाईट बाई असत्या तर धाकटीला बरं पडलं असतं, निदान भांडता आलं असतं. पण त्यांनी पाणी मागवलं, तिला बसवलं आणि बाबांचे सगळे आवाज पिल्लांसकट ढिगातून काढायला लावले. तालीम ते आवाज शिरण्याआधीच्या मुक्कामापासून पुन्हा सुरू करवली, खर्चाची बोलणी स्वतःच्या अंगावर घेऊन. ती पुरी झाल्यावर धाकटीने नव्या नेटवर्कला बाबांचा आवाज ऐकवला. काही नाही. बाबांचे आवाज तालमीत नसतानाही काही नाही. चोरांची खरखर ज्या गल्लीतून यायची त्याच गल्लीत बाबांचं बोलणं राहत होतं, आणि ती गल्लीच आता बुजवलेली होती.

मग तिने शेवटचा उपाय सुचवला. बाबांचे आवाज त्यांच्या वाक्यांच्या शिक्क्यांसकट मुद्दाम तालमीत घालायचे, कानांच्या खोलीला बगल देऊन. एका माणसापुरती फट. बाईंनी तेही करून बघू दिलं. नेटवर्क बाबांना ओळखायला लागलं. "पंखा बंद कर," ते म्हणालं, आणि धाकटीचे डोळे भरून आले.

बाई तिच्या शेजारी खुर्ची ओढून बसल्या. "एवढीच फट ठेवली तर तू तिच्यातून आत येशील का? ते तुझ्याशिवाय कोणी सांगू शकणार नाही. बघ, आणि मला खरं सांग."

धाकटीने बघितलं. तिने बाबांचा पंखा बंद करायला सांगणारा आवाज घेतला, तो रोजच्या पद्धतीने ओढला, पिळला, नेटवर्कला विचारत विचारत थोडा इकडे, थोडा तिकडे सरकवला. मनातून ती देवाला विनवत होती की जमू नये. हात मात्र सवयीने चालत होते आणि चांगले चालत होते. जेवणाची वेळ व्हायच्या आत चाचणीच्या खोलीतलं कुलूप खटकन उघडलं. बाबांच्या आवाजाने उघडलं. तिने तो खटका ऐकला आणि तिला त्यामागचं "कोण आहे?" ऐकू आलं, जे तिथे नव्हतं.

खोटं बोलता आलं असतं. कंपनीत दुसरं कुणी एवढ्यात त्या फटीतून आत आलं नसतं. पण कधीतरी कुणीतरी आलंच असतं, आणि कुठल्या तरी घरात आणखी एक म्हातारी असतीच. ती बाईंच्या खोलीच्या दारात जाऊन उभी राहिली.

"आलीस का आत?" बाईंनी विचारलं.

"आले."

बाईंनी मान खाली घातली. जुनं नेटवर्क फक्त तुमच्या घरापुरतं चालू ठेवता येईल का म्हणून मी वर विचारून पाहिलं, असं त्यांनी सांगितलं. नाही म्हणाले. एका घरासाठी एवढी यंत्रं कोण चालवणार, आणि चोराला तेवढं एक घर सापडलं की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. धाकटीने वाद घातला नाही. खोल्या भरतील एवढ्या यंत्रांवर चालणारी गोष्ट काही पिशवीत घालून घरी आणता येत नाही.

घरी तिने आधी आईला सांगितलं, स्वयंपाकघरात, नळ सोडून. आईने नळाखाली धरलेलं भांडं भरून वाहायला लागलं तरी धरून ठेवलं. मग म्हणाली, "मग ह्यांना सांग, काय बोलायचं ते आजच बोलून घ्या म्हणावं."

सांगायचं कसं? धाकटी बाबांच्या पलंगाशी जाऊन बसली. जमिनीत गडप व्हावं असं तिला वाटत होतं. डबी बदलणार आहे, उद्यापासून नवी तऱ्हा, सुरुवातीला कदाचित नीट कळणार नाही तिला, असं काहीतरी गुळमुळीत ती बोलली. आज ते आयुष्याचं काही सांगतील, काही मागतील, निदान चार शहाणपणाचे शब्द देतील, असं तिला वाटत होतं. बाबांनी जरा विचार केला. डबी म्हणाली, "तुम्ही म्हणालात, आईचा चष्मा फ्रिजवर आहे, ती सकाळपासून शोधतेय." मग ते खिडकीजवळच्या खुर्चीबद्दल बोलले. तिचा मागचा पाय डुगडुगतोय, कधी विकलीत तर आधी चिकटवून घ्या, नाहीतर पडेल भावात जाईल. मग रेडिओ लावायला सांगितला आणि मग बंद करायला सांगितला. धाकटी हो हो करत होती आणि एकेक वाक्य संपेल तशी आतून रिकामी होत होती.

ती उठायला लागली तेव्हा बाबांनी आणखी काहीतरी म्हटलं. हिरवा दिवा लागला.

"तुम्ही म्हणालात, नवी चांगलीच असेल. तू केली आहेस ना?"

"हो," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी उठल्याबरोबर डबीला हाक मारली. डबी गप्प. न कळलेल्या बोलण्याला ती पूर्वी निदान 'माफ करा' म्हणायची, पण हे बोलणं आहे असंच तिला आता वाटत नव्हतं. हिरवा दिवासुद्धा लागला नाही. बाबांनी हळू बोलून पाहिलं. तोडून तोडून बोलून पाहिलं. मग दम भरून लिलावघरातल्या आवाजात बोलले, एवढं की रस्त्यावरून जाणाऱ्याने वर बघितलं. डबी फुलदाणीशेजारी बसून होती. आई धावत आली आणि रागाने "दिवा लाव" म्हणाली, आणि दिवा तत्परतेने लागला. आईला त्या दिव्याचा इतका राग आला की तिने जाऊन भिंतीवरचं बटण दाबून तो विझवला. पण डबीच्या राज्यात बटणाचं काही चालत नव्हतं. तिने तो पुन्हा लावला. आई पदराने डोळे पुसत बाहेर गेली.

बाबा धाकटीकडे बघत होते. आता सांगण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

"बाबा, डबी बिघडलेली नाही," ती म्हणाली. "मीच तिला शिकवलं. तुमचं ऐकायचं नाही म्हणून."

मग तिने सगळं सांगितलं. म्हातारीचं, दोन ढिगांचं, कानांच्या खोलीचं, आणि चाचणीच्या खोलीत उघडलेल्या त्या कुलपाचंही. बाबा लक्ष देऊन ऐकत होते. मालाची पूर्ण माहिती कानावर पडल्याशिवाय ते कधी तोंड उघडायचे नाहीत. तिचं बोलून झालं तेव्हा त्यांनी डावा हात उचलून तिच्या मनगटावर ठेवला आणि बोलायला लागले.

ते बराच वेळ बोलले. सलग, शांतपणे, मधे एकदा थांबून आणि पुन्हा सुरू करून. ते मोजून मापून बोलत होते आणि त्यांना जे म्हणायचं होतं ते ते पूर्ण म्हणत होते, एवढं तिला कळत होतं. एका जागी त्यांचा आवाज बारीक झाला. एका जागी ते बहुतेक हसले. मग थांबले आणि तिच्या उत्तराची वाट बघू लागले.

धाकटीने नकळत फुलदाणीकडे पाहिलं. तिथे दिवा लागलेला नव्हता.

"रागावलात?" तिने विचारलं. बाबांनी मान आडवी हलवली. मग लगेच पुन्हा काहीतरी म्हटलं, तेच असावं, थोडक्यात. "मी वेगळं काही करायला हवं होतं?" आडवी. "मी बरोबर केलं?" मान हलली नाही, हात हवेत असा फिरला की ह्या प्रश्नाचा आणि त्यांच्या बोलण्याचा काही संबंधच नव्हता. "आईबद्दल काही आहे? माझ्याबद्दल? कुणाला बोलावू का?" आडवी, आडवी. त्यांनी तिचं मनगट घट्ट धरलं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं, सावकाश, लहान मुलाला सांगावं तसं. ती त्यांच्या ओठांकडे बघत होती. घरफोडी म्हणवणारी ती, आणि हे एक दार तिला उघडत नव्हतं. तिला रडू फुटलं, आणि रडू आल्यावर तर काहीच ऐकू येईना.

बाबा बोलायचे थांबले. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, बोली अडकून पडली की समोरच्या माणसाकडे बघायचे तसं.

"पाणी हवंय का बाबा?" दुसरं काही सुचेना म्हणून ती म्हणाली.

बाबांनी मान हलवली. उभी.

ती उठली, पेला भरून घेऊन आली आणि तिने तो त्यांच्या ओठांशी धरला. पाणी गिळणं त्यांना जड जायचं. दोनदा ठसका लागला, तेव्हा तिने पेला मागे घेतला, राहू दे म्हणाली. त्यांनी डाव्या हाताने तो तिच्याकडून काढून घेतला. तहान लागलेल्या माणसाचं पिणं वेगळं असतं, हे तसं नव्हतं, तिला ते दिसत होतं. पण मान हलली होती, माल त्यांचा होता. शेवटच्या थेंबापर्यंत त्यांनी पेला रिकामा केला आणि उलटा करून तिला दाखवला.